ऐकणाऱ्यांचा रेडिओ : जुने संच उघडल्यावर दिसणारा इतिहास

१९२१ सालच्या ऑगस्ट महिन्यात ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने टपाल व तार खात्याच्या मदतीने मुंबईहून गाण्याबजावण्याचा एक खास कार्यक्रम बिनतारी यंत्रावरून प्रक्षेपित केला. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात बसून ऐकला. भारतातल्या रेडिओचा इतिहास सांगताना बरेच जण इथूनच सुरुवात करतात, म्हणून आम्हीही केली. पण या गोष्टीला दोन टोके आहेत, एक मुंबईचे आणि एक पुण्याचे. इतिहास लिहिला जातो तो मुंबईच्या टोकाचा: कोणी बोलले, कोणी गायले, कोणत्या केंद्राचे उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले. आज आपण दुसऱ्या टोकाकडे जाऊ. ऐकणारा कोण होता, त्याच्यासमोर कोणते यंत्र होते, आणि ते ऐकण्याची परवानगी त्याला कोणी दिली होती?

आम्ही काही जण गेली बरीच वर्षे जुने रेडिओसंच गोळा करतो, दुरुस्त करतो आणि मुख्य म्हणजे ऐकतो. आमच्यात कोणी निवृत्त इंजिनिअर आहे, कोणी बँकेत आहे, एकाचे अजूनही रेडिओ दुरुस्तीचेच दुकान आहे. इतिहासाचे शिक्षण आमच्यापैकी कोणाचेच नाही. पण संच उघडता उघडता आमच्या लक्षात आले की केंद्राच्या दप्तरात नसलेल्या बऱ्याच गोष्टी या खोक्यांच्या आत आहेत. आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती जरा अडचणीची आहे: त्या गोष्टी पुसून टाकण्याचे काम सगळ्यांत उत्साहाने आमच्यासारखे हौशी लोकच करतात. त्याकडे येऊच.

आधी परवानगीचे बघू. जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने कार्यक्रम प्रक्षेपित करायला सुरुवात केली, त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्याच्या क्लबने. हे हौशी लोकांचे उद्योग होते. व्यवस्थित धंदा म्हणून रेडिओ आला तो २३ जुलै १९२७ ला. त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. प्रक्षेपक किती शक्तीचा? दीड किलोवॅट. आजच्या स्वयंपाकघरातली पाण्याची मोठी किटली साधारण तेवढी वीज घेते. एवढ्या शक्तीवर कंपनी हिंदुस्थान पादाक्रांत करायला निघाली होती!

कंपनीचे उत्पन्न कशावर होते ते महत्त्वाचे आहे. श्रोत्याला वर्षाला १० रुपयांचा परवाना काढावा लागे. त्यातले ८० टक्के कंपनीला मिळत. शिवाय परदेशातून येणाऱ्या बिनतारी सामानाच्या किमतीवर १० टक्के पट्टी. म्हणजे कार्यक्रम कसाही असो, त्याचा खर्च ऐकणाऱ्याने आधी द्यायचा. आणि ऐकणारे होते किती? तीन वर्षे उलटली तरी साऱ्या देशात परवाने आठ हजारांच्या पुढे गेले नाहीत. बिनपरवाना ऐकणारे होतेच. त्यातले बरेच क्रिस्टल सेटवाले. गॅलेनाचा खडा, त्याला टोचणारी बारीक तार, एक वेटोळे आणि कानाला हेडफोन, एवढाच मामला. वीज नाही, बॅटरी नाही, प्रक्षेपकाच्या जवळपास राहत असलात तर फुकट ऐका. १ मार्च १९३० ला कंपनीचे दिवाळे निघाले आणि १ एप्रिलपासून सरकारने केंद्रे ताब्यात घेतली.

आता यापुढचे पाऊल बघा. १९३३ मध्ये इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्ट आला. या कायद्याने नुसते ऐकण्याचेच नाही, तर परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरवला. बंदुकीला परवाना आणि रेडिओला परवाना! १९८५ पर्यंत, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही जवळजवळ चार दशके, कोणत्या ना कोणत्या स्वरूपात ही पद्धत चालू राहिली. तुमच्यातल्या साठीच्या पुढच्या मंडळींना ती टपाल कार्यालयातून मिळणारी पुस्तिका आठवत असेल. दरवर्षी पोस्टात जायचे, पैसे भरायचे, पानावर तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. भंगारातून आलेल्या संचाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या झाकणात कधी कधी ही पुस्तिका दुमडून खोचलेली सापडते. तशी सापडली की आम्हाला संचापेक्षा जास्त आनंद होतो. कारण एक नाव, एक पत्ता आणि वर्षांची एक माळ मिळते. मधलीच दोन वर्षे कोरी असतात. तेव्हा संच बिघडला होता, पैसे नव्हते, की घरात कोणी गेले होते? कागद एवढेच सांगतो की त्या दोन वर्षांत या घरात कायदेशीरपणे रेडिओ नव्हता.

पुस्तिकेनंतर काच. म्हणजे डायल. जुन्या मोठ्या संचाची डायल हा एक नकाशाच असतो. मध्यम लहरींचा एक पट्टा, लघुलहरींचे एक किंवा दोन, आणि त्यांवर आकड्यांच्या जोडीला शहरांची नावे. ८ जून १९३६ ला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले आणि पुढच्या काही वर्षांत केंद्रे वाढली. स्वातंत्र्याच्या वेळी अखंड हिंदुस्थानात नऊ केंद्रे होती. त्यांतली लाहोर, पेशावर आणि ढाका ही तीन पाकिस्तानात गेली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ ही सहा आपल्याकडे राहिली. फाळणीपूर्वीच्या एका संचाच्या काचेवर लाहोर आणि दिल्ली अशी शेजारी शेजारी, एकाच शाईत छापलेली आम्ही पाहिली आहेत. सीमा आखली गेली, काच मात्र कोणी बदलली नाही. आणि लहरींनाही कुंपण नसते. सूर्य मावळला की मध्यम लहरी वरच्या आयनांबरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल जातात, त्यामुळे रात्री त्या संचावर काटा फिरवला की दोन देश बोटभर अंतरावर लागत.

याच काचेवर १९४२ साली लोक एक नाव नसलेले केंद्र शोधत होते. ऑगस्टमध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला, नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर बंधने आली. तेव्हा बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्तपणे ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला. राममनोहर लोहियांचा त्याला आधार होता, शिकागो रेडिओच्या नानक मोटवानी यांनी यंत्रसामग्रीची मदत केली. युद्ध सुरू होताच सरकारने हौशी लोकांचे प्रक्षेपक बंद करवले होते, त्यामुळे सुटे भाग जमवून यंत्र उभे करणे हेच मोठे धाडस होते. पोलिसांच्या दिशाशोधक गाड्या मागावर असत, म्हणून वारंवार जागा बदलावी लागे. अखेर १२ नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घातला, आणि उषाताईंना पुढे चार वर्षांची शिक्षा झाली. हे सगळे पुस्तकांत आहे. आम्ही त्यात दुरुस्तीवाल्याच्या नजरेने एक गोष्ट बघतो. हे केंद्र ४२.३४ मीटरवर होते. म्हणजे घरगुती संचावर लघुलहरींच्या ४१ मीटरच्या पट्ट्याच्या अगदी कडेला. केवळ मध्यम लहरींचा स्वस्त संच असलेल्याला ते ऐकूच येणार नाही. ज्याच्याकडे लघुलहरींचा संच होता, ज्याच्या नावावर सरकारी परवाना होता, ज्याचा पत्ता पोस्टाकडे नोंदलेला होता, त्यालाच ते ऐकता येत होते. दारे-खिडक्या लावून आवाज बारीक करून ऐकणाऱ्या त्या माणसाने काय पणाला लावले होते ते यावरून समजते. त्याचे नाव कुठल्या यादीत नाही. आणि गंमत अशी की या केंद्राचे सगळ्यांत नियमित श्रोते होते पोलीस. त्यांनी ऐकून टिपून ठेवले म्हणून आज त्या भाषणांचा मजकूर आपल्यापर्यंत पोचला.

असेच दुसरे केंद्र आपल्या सीमेवर झाले, आणि त्याची आठवण आपल्याकडे फार कमी निघते. पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या गोव्यासाठी २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लीबिया लोबो यांनी सह्याद्रीच्या जंगलातून, आधी आंबोलीच्या रानातून आणि मग कॅसलरॉकहून, कोकणी आणि पोर्तुगीज भाषांत प्रसारण चालवले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत, म्हणजे सहा वर्षे. जळवा, साप, पाऊस आणि ठरलेली वेळ! ती वेळ एकदाही चुकवून चालणार नव्हते, कारण पलीकडे कोणीतरी धोका पत्करून काटा लावून बसलेले असायचे.

आता सिलोन. हा शब्द उच्चारला की सभागृहात हसू उमटते, तसे आत्ताही उमटले. पण सिलोन आपल्या घरात आले कसे ते बघू. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडसाठी कोलंबोजवळ १०० किलोवॅटचा लघुलहरी प्रक्षेपक उभारला गेला. ब्रह्मदेश-मलायाच्या रणांगणावरच्या सैनिकांचे मनोरंजन हा त्याचा उद्देश. युद्ध संपले आणि तो सिलोन सरकारच्या हाती आला. इकडे १९५२ मध्ये आपले बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचा अभिमानी माणूस. सिनेसंगीताने अभिरुची बिघडते असे त्यांचे मत, त्यामुळे आकाशवाणीवरून सिनेगीते जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षी डिसेंबरात अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सिलोनवरून सुरू झाली. पुढचे तुम्हाला ठाऊक आहे.

केसकरांची टर उडवण्याची एक रीत पडून गेली आहे. आम्हाला ती अर्धी पटते. आकाशवाणीने शास्त्रीय गायक-वादकांना जो आधार दिला तो त्या काळात दुसऱ्या कोणी दिला नसता. मात्र मंत्र्याने ऐकणाऱ्याला विद्यार्थी समजले आणि ऐकणाऱ्याच्या हातात काटा आहे हे विसरला, हे खरेच. काटा मुंबईवरून उचलून सिलोनवर नेला की धोरण संपले! १९५७ च्या ३ ऑक्टोबरला सरकारला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली ती ऐकणाऱ्यांच्या या बोटांमुळे. मोर्चा नाही, निवेदन नाही, नुसती बोटे.

आणि सिलोन फुकट लागत नव्हते बरं का! लघुलहरींवरचे दूरचे केंद्र ऐकायचे तर एरियल चांगला हवा. कोणी गच्चीवर दोन बांबू रोवून तार ताणी. चाळीतल्या खोलीत ते शक्य नसे, मग तांब्याच्या बारीक जाळीची लांब पट्टी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, देवांच्या तसबिरींच्या वरून. अर्थिंगसाठी मोरीच्या नळाला तार गुंडाळलेली. आयनांबर स्थिर नसतो, त्यामुळे आवाज लाटेसारखा येई आणि जाई. ऐन कडव्यात गाणे बुडायचे आणि धृपदाला वर यायचे. ते मधले शब्द ऐकणाऱ्यांनी मनाने भरून काढले. सकाळी आठच्या आधी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम सैगलच्या गाण्याने संपत असे. त्यावर घड्याळ लावणारी, ऑफिसला निघणारी घरे आम्हाला माहीत आहेत.

एकट्यादुकट्याच्या घरातून जरा बाहेर येऊ. स्वातंत्र्याच्या वेळी रेडिओ पोचत होता तो देशाच्या अडीच टक्के भूभागात आणि अकरा टक्के लोकसंख्येपर्यंत. खेड्यात वीज नव्हती. तिथे जाणारा संच बॅटरीवरचा. त्याचे व्हॉल्व्हच वेगळे, दीड व्होल्टच्या तंतूचे, आणि सोबत ९० व्होल्टची विटेएवढी कोरडी बॅटरी. ती संपली की संच मुका. अशा परिस्थितीत १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतली सुमारे १५० गावे निवडली. प्रत्येक गावात वीसेक जणांचा श्रोतागट. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, मराठीतून शेती आणि गावच्या प्रश्नांवर कार्यक्रम. ऐकून झाले की संच बंद करून चर्चा करायची, आणि शंका, हरकती केंद्राकडे लिहून पाठवायच्या. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे. टाटा समाजविज्ञान संस्थेने याची पाहणी केली. निष्कर्ष असा की ज्या गावांत गट होते तिथे लोकांच्या माहितीत स्पष्ट वाढ झाली, आणि काही ठिकाणी हे गट गावाचे निर्णय घेऊ लागले. ऐकणाऱ्याने केंद्राला जाब विचारावा अशी सोय आपल्याकडे इतक्या लवकर, आणि तीही मराठीत झाली होती. आम्हाला विचाराल तर महाराष्ट्राच्या रेडिओच्या इतिहासात ‘गीतरामायणा’नंतर लगेच या प्रयोगाचे नाव घ्यायला हवे. पण ‘गीतरामायण’ पुन्हा पुन्हा ऐकता येते आणि चर्चा हवेत विरून जाते, त्याला काय करणार!

ट्रान्झिस्टरबद्दल थोडक्यात. साठच्या दशकात तो आपल्याकडे पसरला आणि रेडिओ भिंतीवरच्या फळीवरून खांद्यावर आला. बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन शेताच्या बांधावर ऐकू येऊ लागले. एरियल नको, वीज नको, आणि घरच्या सगळ्यांचे एकमतही नको. आम्हाला दुरुस्तीच्या दृष्टीने तो कमी रुचतो, कारण प्लॅस्टिक पिवळे पडून तडकते आणि बॅटरी गळून पत्रे खाते. मोठ्या व्हॉल्व्हच्या संचात अजून जीव असतो.

तो जीव कसा परत आणतात ते आता सांगतो. तुमच्यातल्या काहींच्या घरी आजोबांचा मर्फी, बुश, फिलिप्स किंवा नॅशनल एको असेल. सगळ्यांत पहिली सूचना: त्याची पिन सॉकेटमध्ये घालू नका. ‘बघू तर खरं लागतो का’ या एका वाक्याने जेवढे संच जळले तेवढे उंदरांनीही खाल्ले नसतील.

कारण सांगतो. त्या काळी काही शहरांच्या काही भागांत वीज डीसी होती, काही भागांत एसी. म्हणून दोन्हींवर चालणारे संच निघाले. त्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो. व्हॉल्व्हचे तंतू दिवाळीच्या माळेसारखे एकापुढे एक जोडलेले: यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूएल ८४, यूवाय ८५. एक गेला की सगळी माळ विझते. आणि आतल्या पत्र्याचा सांगाडा थेट विजेच्या एका तारेला जोडलेला. पिन उलटी लागली तर तो सांगाडा २३० व्होल्टवर! कारखान्यात बटणांच्या स्क्रूवर मेण भरत, बोट स्क्रूला लागू नये म्हणून. पुढे कोणीतरी बटण काढून बसवताना ते मेण उडवतो, आणि संच झटका मारायला मोकळा होतो.

म्हणून आम्ही संच आधी १०० वॅटच्या दिव्यातून सिरीजमध्ये लावतो. दिवा भगभगीत पेटला तर आत शॉर्ट आहे. मंद होत गेला तर पुढे जायचे. यासाठी तंतूचाच दिवा हवा, एलईडी चालत नाही. त्यामुळे आमच्यातल्या प्रत्येकाने जुन्या बल्बचा साठा सोन्यासारखा जपला आहे. मग मेणकागदी कपॅसिटर. हे सगळे बदलायचेच, कारण साठ वर्षांत त्यांत ओल शिरलेली असते. त्यांतला एक विशेष घातकी. आवाजाचा लहान संकेत शेवटच्या मोठ्या व्हॉल्व्हकडे नेणारा. तो गळू लागला की व्हॉल्व्हच्या जाळीवर नको तो धन दाब येतो, व्हॉल्व्ह भरमसाट वीज ओढतो आणि त्याच्यामागे आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. काही रुपयांच्या कपॅसिटरपायी मिळेनासा झालेला ट्रान्सफॉर्मर जातो. मग फिल्टरचे मोठे कपॅसिटर, वाढून बसलेले रेझिस्टर, स्पीकरच्या फाटक्या कागदाला ठिगळ, काट्याची तुटलेली दोरी. दोरी काढण्याआधी ती कोणत्या चाकावरून कशी गेली आहे त्याचे चित्र काढून ठेवा, हे आम्ही नव्या माणसाला शपथेवर सांगतो.

इथपर्यंत आमच्यात एकमत असते. भांडण होते ते यापुढे. संच कितपत नवा करायचा?

एक उदाहरण घ्या. पुष्कळ संचांत यूवाय ८५ च्या जागी बीवाय १२७ हा डायोड आणि एक जाडजूड रेझिस्टर जोडलेला आढळतो. व्हॉल्व्ह मिळेनासे झाले किंवा परवडेनासे झाले तेव्हा आपल्या मेकॅनिकांनी काढलेली ही वाट. कारखान्याच्या आराखड्यात ती नाही. शुद्धतावादी म्हणतात, काढा ते ठिगळ आणि मूळचा व्हॉल्व्ह शोधून बसवा. परदेशातल्या हौशी मंडळींचा कलही मूळ रूपाकडे असतो आणि त्यांच्याकडे सामान मिळतेही. पण आपल्याकडे संच चाळीस-चाळीस वर्षे चालले ते या ठिगळांमुळे. लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला तो डायोड, मेकॅनिकने आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली तारीख, हा सगळा आपल्या रेडिओचा इतिहास आहे. सुरक्षित असेल तर आम्ही तो डायोड तसाच ठेवतो. सगळे नव्हे; आमच्यातल्या दोघांना हे अजून मान्य नाही.

लाकडी पेटीचेही तसेच. लाखेचे पॉलिश करून आरशासारखी चकचकीत पेटी केली की फोटो छान येतो. पण ज्या बाजूला रोज हात टेकायचा तिथे उडालेला रंग, वर विणलेला रुमाल पडून राहिल्याने उरलेला गडद चौकोन, उदबत्तीचा डाग, सगळे जाते. एका संचाच्या काचेच्या खालच्या कडेला, लाकडावर, पेन्सिलीची एक बारीक उभी रेघ होती. जवळपास कोणतेही उपयोगाचे केंद्र नाही, निदान आम्हाला सुचले नाही. पेटी पॉलिशला काढायची होती, रेघ घासली जाणार होती. आमच्यातल्या एकाने आग्रह धरला की आधी घरच्यांना विचारू. ज्यांनी संच दिला त्यांच्या आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. फोनवर विचारल्यावर त्या आधी हसल्या.

म्हणाल्या, “अहो, ती माझी रेघ. सासऱ्यांना काट्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला खपायचा नाही. बातम्या लागायच्या तिथंच काटा ठेवून ते कचेरीत जायचे. आम्ही दुपारी वनिता मंडळ ऐकायचो. मग ते यायच्या आत काटा परत त्या रेघेवर.”

त्या पेटीला पॉलिश केले नाही. त्या घराची परवाना पुस्तिकाही आमच्याकडे आहे, तिच्यावर नाव अर्थातच सासऱ्यांचे. सरकारदप्तरी त्या घरातला श्रोता एकच. ‘वनिता मंडळ’ची दप्तरे आकाशवाणीत असतील नसतील, पण तो कार्यक्रम ऐकण्यासाठी काय करावे लागे त्याची एकमेव नोंद त्या लाकडावर होती आणि पॉलिश पेपरच्या दोन हातांत ती गेली असती.

आता घाई कशाची, ते सांगतो. बीबीसीची हिंदी सेवा १९४० पासून लघुलहरींवर होती, ती ३१ जानेवारी २०२० ला त्या लहरींवर थांबली. आकाशवाणीची मध्यम लहरींवरची अनेक प्रक्षेपणे बंद झाली, कार्यक्रम एफएमवर आणि मोबाइलवर गेले. जुन्या संचाला एफएम कळत नाही. जिथे मध्यम लहर अजून आहे तिथेही संच लावला की आधी ऐकू येते ती एलईडी दिव्यांची आणि मोबाइलच्या चार्जरची भुणभुण. आमचा उत्तम ऐकण्याचा अनुभव रात्री, सगळ्या इमारतीची वीज गेलेली असताना, बॅटरीच्या संचावर आलेला आहे. काही जण यावर उपाय म्हणून आतले सगळे उपटून ब्लूटूथचा स्पीकर बसवतात. पेटी राहते, दिवा लागतो, गाणी वाजतात. ज्याची त्याची आवड, पण त्याला रेडिओ म्हणू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि जे उपटले ते निदान एका पिशवीत घालून, संचाचा नंबर लिहून पेटीतच ठेवावे.

संच दुरुस्त करायचा नसेल, विकायचा असेल, भंगारात द्यायचा असेल, तरी आमची हरकत नाही. प्रत्येक घरात त्याला जागा कुठून असणार! मात्र त्याआधी अर्धा तास द्या. मागचे झाकण काढा, वीज न लावता. आतल्या लेबलचा, काचेचा, बटणांचा आणि चारी बाजूंचा फोटो काढा. मॉडेल आणि नंबर लिहून घ्या. पुस्तिका असेल तर तिचे प्रत्येक पान. आणि घरात जे कोणी सगळ्यांत वयस्क असेल त्यांना बोलते करा. ‘कोणता कार्यक्रम आवडायचा’ असे विचारले की ‘गीतमाला’ आणि टेकाडे भाऊजी एवढेच उत्तर मिळते, ते आम्हाला पाठ आहे. संच कोणत्या खोलीत होता, किती उंचीवर होता, लहान मुलांचा हात पोचायचा का, काटा कोण फिरवायचे आणि ते घरात नसताना कोण, असे विचारा. उत्तरे त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहा. आमच्या वहीत अशा संचांच्या नोंदी आहेत. ज्यांच्या घरी पुस्तिका नाही आणि संचही गेला, त्यांच्याही नोंदी आम्ही घेतो. मात्र बाहेर ठेवलेल्या त्या दोन संचांना हात लावायचा असेल तर आधी आम्हाला विचारा, डावीकडच्याचे मेण उडालेले आहे.